गोलपोस्ट पळवून सुरू झालेला क्लब

ट्वीडकाठचा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, रग्बीतलं मला ओ का ठो कळत नाही, हे आधीच कबूल करतो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या नादाने स्कॉटलंडातल्या मेलरोझला जाऊन आलो आणि तेव्हापासून डोक्यात एक भुंगा आहे. तो इथे सोडतोय.

एडिंबऱ्याच्या वेव्हर्ली स्टेशनावरून ट्वीडबँकला तासाभराची गाडी. तिथून मेलरोझ तीनेक किलोमीटर, पायी. शेजारून ट्वीड नदी, समोर आयल्डनच्या तीन टेकड्या, मध्ये बाराव्या शतकातल्या मठाचे लालसर दगडी अवशेष. आणि मठापासून हाकेच्या अंतरावर ग्रीनयार्ड्स नावाचं मैदान. जगभर खेळलं जाणारं सात-सात जणांचं रग्बी, म्हणजे सेव्हन्स, या मैदानावर जन्मलं.

गोष्ट अशी. इथून सहा-सात किलोमीटरवर गॅलाशील्स, लोकरीच्या गिरण्यांचं गाव. सगळे त्याला नुसतं गाला म्हणतात. सुरुवातीला दोन्ही गावांचा मिळून एकच क्लब होता. १८७७ मध्ये बिनसलं आणि मेलरोझचा क्लब वेगळा झाला. वेगळं होताना मेलरोझकरांनी रातोरात गोलपोस्ट उपटून आपल्या गावात आणले, अशी आख्यायिका इथे चवीने सांगतात.

पुढे १८८३. क्लबच्या गल्ल्यात खडखडाट. नेड हेग नावाचा एक खेळाडू, गावातल्या खाटकाच्या दुकानात कामाला. पैसे उभे करायला खेळांचा एक दिवस भरवायचा ठरला, त्यात हेगने फुटबॉलची (तेव्हा रग्बीलाच फुटबॉल म्हणायचे) स्पर्धा घ्यायचं सुचवलं. पण पंधरा-पंधरा जणांचे इतके सामने एका दुपारी बसणार कसे? म्हणून संघ सातांचे केले. एक फुलबॅक, दोन क्वार्टरबॅक, चार फॉरवर्ड. सामना पंधरा मिनिटांचा. गावातल्या बायकांनी चषक दिला, त्याचं नावच लेडीज कप.

२८ एप्रिल १८८३, शनिवार. धावण्याच्या शर्यती, चेंडू लाथाडायच्या स्पर्धा आणि शेवटी हे सात-सातांचं रग्बी. गालाहून आणि त्याच भागातल्या हॉइक गावाहून खास गाड्या सोडल्या होत्या. दिवसभरात मेलरोझची सोळाशेच्या आसपास तिकिटं खपली.

अंतिम सामना कोणाचा? अर्थातच मेलरोझ विरुद्ध गाला. पंधरा मिनिटांत कोणालाच काही जमलं नाही. मग आणखी पंधरा मिनिटं खेळायचं ठरलं. दहाव्या मिनिटाला मेलरोझचा कप्तान डेव्हिड सँडरसन याने ट्राय केला (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला) आणि मेलरोझचे सातही जण 'जिंकलो' म्हणत मैदानाबाहेर चालते झाले! गालावाले ओरडत राहिले की अजून पाच मिनिटं बाकी आहेत. कप मेलरोझकडेच राहिला.

आता भुंगा. हा सँडरसन म्हणजे हेग ज्याच्याकडे कामाला होता तो मालक. त्याने इंग्लंडच्या उत्तर भागात कमी माणसांची अशी स्पर्धा आधी पाहिली होती, असंही सांगतात. पण जनक म्हणून नाव लागतं हेगचं. तर शोध कोणाचा म्हणायचा? आणि तो कप खरा कोणाचा?

खडूस_काका | शनिवार, रात्री १०:३१

म्हणजे गणपती मंडळ फुटलं, फुटीर गट जाताना मांडवाचे बांबू घेऊन गेला आणि पुढच्या वर्षी 'फक्त आमचाच मानाचा' असा बोर्ड लावला. यात स्कॉटिश ते काय?

रानजाई | शनिवार, रात्री १०:४०

खाटकाने पंधराचे सात केले. कापाकापीत हात बसलेला असणार. (ह. घ्या.)

काका, :D

मला आधी कोणी सांगेल का, सातांचं आणि पंधरांचं यात फरक काय? नुसती माणसं कमी?

हुतूतू | शनिवार, रात्री ११:०५

रानजाई, मैदान तेवढंच राहतं, ही त्यातली मेख आहे. पंधरा जण जिथे एकमेकांच्या अंगावर पडून असतात तिथे फक्त सात. सगळीकडे मोकळी जागा. म्हणून रेटारेटीपेक्षा पळापळ जास्त. आता सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात. बघायला कमी वाटतात, खेळणाऱ्याला विचारा.

आणि आपल्या कबड्डीतही सातच की! आमच्या वाडीत पावसाळ्यानंतर स्पर्धा भरायच्या, रात्रभर चालायच्या. गॅसबत्तीच्या काळापासून. सोळा संघ, एक मैदान, पहाटेपर्यंत निकाल. सात माणसं कुठल्याही वाडीत निघतात. पंधरा काढायची तर शेजारच्या गावाचे पाय धरावे लागतात. हेगला मी पैकीच्या पैकी मार्क देतो. त्याला गावाची शिरगणती माहीत होती.

शब्दमार्तंड | शनिवार, रात्री ११:२२

लेख चांगला. दोन दुरुस्त्या. एक, मेलरोझला 'गाव' म्हणणं बरोबर नाही, ते तिथल्या हिशेबात 'टाउन' आहे. दोन, मठाचे 'अवशेष' लालसर आहेत की दगड लालसर आहे, ते वाक्यावरून कळत नाही.

ट्वीडकाठचा | शनिवार, रात्री ११:३०

शब्दमार्तंड, दगड लालसर. अवशेष त्याच दगडाचे. :)

गावाबद्दल: दोन-अडीच हजार वस्ती, एक चौक, रविवारी संध्याकाळी दूध मिळायची मारामार. आमच्या तालुक्यात याला गावच म्हणतात, आणि तेही लहान.

हुतूतू, शिरगणतीचं आवडलं. गंमत बघा, आंतरराष्ट्रीय सामन्यांतसुद्धा आधी वीस-वीस जण असायचे, १८७७ मध्ये पंधरा झाले. म्हणजे मेलरोझचा क्लब निघाला त्याच वर्षी. माणसं कमी करायची हवा होतीच.

रंकाळ्याचा | रविवार, सकाळी ७:५०

काय राव, हे तर आमच्या कोल्हापूरचं झालं. आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ... कुठल्या पेठेत जन्मला ते सांगा, कुठला संघ ते आम्ही सांगतो. शाहू स्टेडियमला दोन पेठा भिडल्या की त्या दिवशी पाहुणेरावळेसुद्धा बघून बोलवायचे. आमचे एक मामा दुसऱ्या पेठेत जावई म्हणून गेले. सासऱ्यांनी पहिल्या दिवाळीला संघाचं नाव विचारलं. मामा खरं बोलले. अजून बासुंदी पातळ मिळते त्यांना.

तर सांगायचं काय, सहा-सात किलोमीटरवरच्या गावाशी जेवढं वैर असतंय तेवढं परदेशाशी नसतंय. गालावाल्यांना इंग्लंड परवडलं असंल, मेलरोझ नाही.

पोस्ट चोरले ते बरोबरच केलं. निम्मा हिस्सा होता की त्यांचा!

खडूस_काका | रविवार, सकाळी ८:१५

निम्मा हिस्सा म्हणजे एका टोकाचा एक जोड. दोन्ही टोकांचे नेले असतील तर चोरी, एका टोकाचे नेले असतील तर वाटणी.

बंदरकर | रविवार, सकाळी ११:४०

रग्बीशी माझा संबंध कुंपणाबाहेरचा. शाळेत असताना पावसाळ्यात आझाद मैदानावरून बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीकडे बघत उभे राहायचो. ओला चिखल, त्यात लोळणारे धिप्पाड लोक आणि मध्ये कुठेतरी अंडाकृती चेंडू. वडील म्हणायचे, 'एवढी शिकलेली माणसं, घरी आंघोळीला पाणी नाही का?'

धाग्यावरून आठवलं ते वेगळंच. मेलरोझच्या क्लबचा समकालीन एक क्लब आपल्याकडे होता, कलकत्त्याला. २५ डिसेंबर १८७२ ला तिथे इंग्लंड विरुद्ध 'स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स' असा सामना झाला आणि १८७३ च्या जानेवारीत कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. सभासद भरपूर, पैसा भरपूर, बारमध्ये दारू फुकट. ती फुकट मिळणं बंद झालं तशी सभासदसंख्या ओसरली, असं सांगतात. शिवाय पोलो आणि टेनिस होतेच, बंगालच्या हवेला तेच बरे. १८७८ मध्ये क्लब गुंडाळला.

पण खात्यात पैसे शिल्लक! त्यांनी बँकेतून चांदीचे २७० रुपये काढले, वितळवले आणि चषक घडवून घेतला. तीन नागांचे तीन कान, झाकणावर हत्ती. तेव्हाचा रुपया तोळाभर वजनाचा, म्हणजे २७० तोळ्यांचा ऐवज. इंग्लंडच्या रग्बी युनियनला तो भेट दिला. इंग्लंड-स्कॉटलंड सामना आजही याच कलकत्ता कपसाठी होतो. पहिला १८७९ मध्ये एडिंबऱ्यात झाला, बरोबरीत सुटला.

आता जोडून बघा. पैसेवाला क्लब पाच वर्षांत बंद पडला आणि कप मागे ठेवून गेला. कफल्लक क्लबला कपसुद्धा गावातल्या बायकांनी द्यावा लागला, आणि तो अजून चालू आहे.

रानजाई | रविवार, दुपारी १२:०२

बंदरकर, दंडवत. नागांचे कान असलेला कप! आमच्या देव्हाऱ्यात शोभला असता.

फटकळ | रविवार, दुपारी १२:२५

छान छान. ज्या रुपयांचा कप झाला ते आले कुठून, हे कोणी विचारणार नाही. कलकत्त्याच्या साहेबांचा क्लब बंद पडला म्हणून इथे सगळे हळहळताहेत. त्या मैदानावर कुठल्या बंगाल्याला खेळायला मिळालं होतं का? मेलरोझच्या खाटकाचं कौतुक मान्य, तो आपल्या गावात, आपल्या लोकांत खेळला. कलकत्त्याचं 'समकालीन' म्हणून शेजारी लावू नका. तो क्लब दारू महागली म्हणून मेला नाही. त्याला गाव नव्हतं म्हणून मेला. बदली झाली, बोट पकडली, संपलं.

बंदरकर | रविवार, दुपारी १:१०

फटकळ, हळहळलो नाही हो, हिशेब मांडला. पण 'गाव नव्हतं' हे मात्र माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंत. घेतलं.

ट्वीडकाठचा | रविवार, दुपारी ३:४५

धागा वेगळ्याच वाटेला लागला, पण वाट चांगली आहे.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. पाच मिनिटं बाकी असताना बाहेर पडणं हा रडीचा डाव नाही का? आम्ही लहानपणी 'माझी बॅट, मी चाललो' करायचो, त्यातला प्रकार वाटतो. फक्त इथे बॅटवाला जिंकून निघाला.

हुतूतू | रविवार, दुपारी ४:२०

धागाकर्ते, एक मजा सांगतो. आज सेव्हन्समध्ये सामना बरोबरीत सुटला की जादा वेळ देतात आणि त्यात जो पहिल्यांदा गुण घेईल तो जिंकला, खेळ तिथेच थांबतो. म्हणजे मेलरोझने त्या दिवशी जे केलं तोच आता नियम आहे! काळाच्या पुढे होते म्हणा.

दोनओळी | रविवार, दुपारी ४:२५

काळाच्या पुढे, म्हणजे नेमकं पाच मिनिटं पुढे.

रंकाळ्याचा | रविवार, दुपारी ४:४०

दोनओळी, फेटा उडवला आपण. _/\_

लोकरमाव्या | रविवार, रात्री ९:१५

मी लीड्सला असतो, त्यामुळे इथली बाजू मांडणं आलं. सँडरसनने उत्तर इंग्लंडात तसं काही पाहिलं असेल तर मला नवल वाटणार नाही. इकडे यॉर्कशायर-लँकशायरमध्ये गिरण्यांतले आणि खाणींतले कामगार खेळायचे. शनिवारी खेळायला गेलं की अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. क्लब म्हणाले, बुडीत मजुरी भरून देऊ. लंडनचे सद्गृहस्थ म्हणाले, खेळासाठी दमडी घेतली तर धर्म बुडाला. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली आणि उत्तरेचे वीसेक क्लब फुटून निघाले. त्यातून पुढे रग्बी लीग हा वेगळा खेळच झाला.

मला मेलरोझबद्दल कुतूहल आहे ते इथे. तिथेही खाटीक, शेतकरी, गिरणीतले लोकच खेळत होते. सद्गृहस्थांचा खेळ एडिंबऱ्याच्या शाळांत. मग बॉर्डर्सचे (म्हणजे स्कॉटलंडच्या या सीमाभागातले, मेलरोझ-गालासारखे) क्लब का नाही फुटले? माझा अंदाज सांगतो, तो अंदाजच समजा. ही गावं इतकी जवळ होती की दुपारी खेळून रात्री घरी परतता यायचं. आणि सेव्हन्सने क्लबच्या गल्ल्याचा प्रश्न बराचसा सोडवला. मेलरोझचं बघून गालाने १८८४ मध्ये आपली स्पर्धा काढली, हॉइकने १८८५ मध्ये, जेडफॉरेस्टने १८९४ मध्ये. दरवर्षी प्रत्येक गावाची एक जत्रा आणि जत्रेचं उत्पन्न त्या गावाला. १९०१ मध्ये त्यांनी आपसात बॉर्डर लीगही काढली. रग्बी युनियनमधली (म्हणजे फुटून न निघालेल्या, मूळच्या रग्बीतली) जगातली सर्वांत जुनी लीग ती.

फटकळ | रविवार, रात्री ९:४०

म्हणजे गालाने भांडूनही कल्पना उचललीच. मराठी बाणा.

खडूस_काका | रविवार, रात्री ९:५२

पोस्ट मेलरोझने नेले, स्पर्धा गालाने नेली. फिट्टंफाट.

चहामळा | सोमवार, सकाळी १०:०५

धागा उशिरा वाचला. यजमानांची बदली सध्या बागडोगऱ्याला आहे, त्यामुळे गावातल्या रग्बीबद्दल मलाही दोन शब्द बोलायचा हक्क आहे.

जलपाईगुडी जिल्ह्यात, बैकुंठपूरच्या जंगलाला लागून सरस्वतीपूर नावाचा चहाचा मळा आहे. तिथल्या मजुरांच्या मुली रग्बी खेळतात. २०१३ च्या सुमारास सुरुवात झाली. कोलकात्यात जंगल क्रोज नावाचा क्लब आहे, पॉल वॉल्श नावाच्या माजी ब्रिटिश राजनैतिक अधिकाऱ्याने उभा केलेला. त्या क्लबचे लोक इथल्या एका पाद्र्याच्या बोलावण्यावरून आले आणि मुलांना-मुलींना चेंडू दिला. मुलं काही दिवसांनी पांगली, मुली टिकल्या, असं आमच्या ड्रायव्हरदादांनी सांगितलं (त्यांची भाची खेळते, त्यामुळे साक्ष थोडी घरची). यातल्या काही जणी भारताकडून खेळून आल्या आहेत.

मी एकदा संध्याकाळी गेले होते. कोणाच्या पायात बूट, कोणाच्या नाही. कडेला आया, पाठीवरची पानांची टोपली उतरवून उभ्या. एक मुलगी चेंडू घेऊन अशी सुटली की तिच्या मागे लागलेल्या तिघी एकमेकींवर आपटल्या. तिची आई हसली नाही की ओरडली नाही, फक्त शेजारणीला कोपर मारलं.

आणि हुतूतूंचा मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो. इथे खेळतात ते सेव्हन्सच. मळ्यातल्या मजूरवस्तीच्या एका लाइनीत पंधरा धडधाकट मुली एका वेळी मोकळ्या मिळणार नाहीत. कोणी पाणी भरतंय, कोणी धाकट्याला सांभाळतंय. सात मिळतात.

रानजाई | सोमवार, सकाळी १०:२०

ते कोपर! बास, मला रग्बी कळलं.

बंदरकर | सोमवार, सकाळी १०:४८

फटकळ, हे बघा. साहेबांचा क्लब कलकत्त्यात पाच वर्षांत संपला आणि चहाच्या मळ्यात पोरींनी धरून ठेवलाय. तुमचंच म्हणणं खरं ठरलं.

फटकळ | सोमवार, सकाळी १०:५५

माझं म्हणणं खरं ठरण्याची मला सवय नाही. जरा पाणी पितो.

शब्दमार्तंड | सोमवार, दुपारी १:३०

मूळ प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. जनक हेग की सँडरसन?

माझं मत: हेग. कल्पना पाहणं वेगळं आणि सभेत उठून 'हे करू या' म्हणणं वेगळं. हेगने पुढे आठवणी लिहिल्या, त्यातही पैशाची चणचण हेच कारण दिलं आहे. एका दुपारी पंधरांचे सामने बसणार नव्हते, म्हणून सात. मोठा आव कुठे नाही. जेडबर्ग हे त्याचं जन्मगाव, म्हणजे तो मेलरोझचाही मूळचा नव्हे, पोटासाठी आलेला. तो स्वतः त्या सातांत खेळला.

हुतूतू | सोमवार, दुपारी १:५०

सहमत नाही. पाहिलं सँडरसनने, ट्राय केला सँडरसनने, दुकान सँडरसनचं. नोकराने मालकाची कल्पना मांडली असेल तर? 'मी बोललो तर लोक म्हणतील दुकानदार पैसे काढतोय, तू बोल,' असं आमच्या गावात सर्रास होतं. मंडळाच्या सभेत वर्गणीचा विषय सावकार कधीच काढत नाही.

रंकाळ्याचा | सोमवार, दुपारी २:१०

हुतूतू, तुम्ही सहकारी संस्थेत संचालक आहात का हो? लई बारीक निरीक्षण.

ट्वीडकाठचा | सोमवार, संध्याकाळी ६:३५

हुतूतूंचा हा कोन माझ्या डोक्यातही आला नव्हता. आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने २००८ मध्ये आपल्या हॉल ऑफ फेममध्ये हेग आणि मेलरोझ क्लब दोघांनाही घेतलं, आणि सेव्हन्सच्या विश्वचषक स्पर्धेच्या चषकाला नावच मेलरोझ कप दिलं. पहिला विश्वचषक १९९३ मध्ये एडिंबऱ्यात झाला. २०१६ ला रिओत सेव्हन्स ऑलिंपिकमध्ये आलं, पुरुषांचं सुवर्ण फिजीने नेलं. सगळ्या फिजीची लोकसंख्या आपल्या मुंबईच्या एखाद-दोन उपनगरांत मावेल, त्यामुळे मुंबईतल्या माणसाला फिजीचं कौतुक वाटणारच.

ग्रीनयार्ड्सच्या कडेला एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते, त्यांना मी गोलपोस्टांचं विचारलं होतं, खरं का म्हणून. ते म्हणाले, 'गालाला जाऊन विचार.' आणि पुढे गेले.

देवरुखचा_देवा | सोमवार, रात्री ८:०५

दोन दिवस नुसता वाचतोय, आता राहवत नाही. तुम्ही सगळे चोरी चोरी काय करताय? आमच्या कोकणात शिमग्याला होळीसाठी लाकूड चोरणं हा दोष धरत नाहीत. ज्याची गाडी, गवताची उडवी, बाकडं बाहेर राहिलं त्याने पहाटे होळीत येऊन शोधावं. आमच्या आजोबांचा एक जुना दरवाजा असा गेलाय. त्यांनी शिव्या घातल्या, नारळ वाहिला आणि घरी आले.

मला वेगळीच शंका आहे. रग्बीच्या आडव्या दांडीची उंची दहा फूट, उभे खांब त्याच्याही वर. आम्ही होळीचा माड रानातून आणतो तेव्हा पंधरा-वीस माणसं खांद्याला लागतात, मध्ये तीनदा टेकवतो, आणि ते अंतर दीड किलोमीटर. यांनी अंधारात, सहा-सात किलोमीटर, दोन्ही टोकांचे चार खांब आणि दोन दांड्या नेल्या? पंधरा जणांचा संघ होता म्हणता ना? मग पुरले कसे?

खडूस_काका | सोमवार, रात्री ८:१२

बैलगाडी. खाटकाची असणार.

देवरुखचा_देवा | सोमवार, रात्री ८:२०

मग ती गाडी सँडरसनची. हुतूतू, एक मत वाढलं तुमचं.